लाल कूलर

मुनव्वर : तुला मिळणार काय होतं, एकदा मोजून सांग. या दारूबंदीच्या मुलखात रिफायनरीतल्या गोऱ्या फोरमनला शुक्रवारी सकाळी तुझ्या खोलीत चोरून दारू पाजायची, खोलीला पब म्हणायचं. दुपारी बनेद अल-गारच्या मैदानावर आपली फुटबॉलची मॅच दाखवायची. संध्याकाळी परत पब. एवढ्यावर तो तुला मीना अल-अहमदीच्या त्या रिफायनरीत फिटर म्हणून चिकटवणार. बरोबर?

महादेव : चिकटवणार होता. आता गावाला जायची बॅग भरतोय. पोलीस कधी येतात ते सांग.

मुनव्वर : कालपासून भरतोयस आणि आत दोनच शर्ट. गावाला काय पोहायला चाललास?

महादेव : मस्करी नको रे. कूलर चुकला माझा. दोन्ही लाल, एकाच दुकानातले. लिंबू सरबत खोलीत राहिलं आणि घरी काढलेली द्राक्षाची दारू मैदानावर गेली. कुणी प्यालं?

मुनव्वर : पबवाल्याला कूलरला एक चिंधी बांधता येऊ नये? ऐक. हाफ टाइमला पहिला ग्लास कप्तानाचा, आपली रीतच आहे. उस्मानभाईंनी तोंडाला लावला आणि थुंकले. पोरांना म्हणाले, सरबत नासलंय, आणि झाकण लावून कूलरवरच बसले. तेवढ्यात रस्त्यावरून पोलिसांची जीप जात होती.

महादेव : ती दिसली म्हणूनच मी भिंतीवरून उडी टाकली.

मुनव्वर : जात होती, महादेव. तू पळालास म्हणून थांबली.

महादेव : आणि गोरा?

मुनव्वर : तो तुझ्या आधी स्वतःच्या गाडीत. गोलकीपर तू, पण उडी त्याची बरी. पोलिसाने जीपमधूनच विचारलं, त्यात काय आहे. उस्मानभाई म्हणाले, लिंबू सरबत. तो म्हणाला, मग पिऊन दाखव.

महादेव : मग?

मुनव्वर : प्याले.

महादेव : उस्मानभाई? माझ्या खोलीत पाणीसुद्धा न घेणारे?

मुनव्वर : काठोकाठ ग्लास. सावकाश, सरबत पितात तसा. पोलिसाने दाढी पाहिली, कपाळावरचा नमाजाचा डाग पाहिला, जीप वळवली. मग भाईंनी कूलर वाळूत उपडा केला आणि भिंतीआड जाऊन ओकत बसले.

महादेव : (हातातला शर्ट तसाच धरून) माझ्यासाठी का? मी त्यांचा कोण?

मुनव्वर : मीही तेच विचारलं. सगळी पोरं नोकरी गमावून परतीच्या विमानात बसली असती, म्हणाले. कप्तान मी आहे.

महादेव : जातो, पाय धरतो. आज ते मक्केला, उमऱ्याच्या यात्रेला निघणार होते ना? बस सुटायच्या आत गाठतो.

मुनव्वर : बस सकाळीच गेली.

महादेव : मग चुकामूक झाली.

मुनव्वर : भाई खोलीवरच आहेत. मी समजावलं, अल्ला नाइलाजही बघतो. म्हणाले, तो बघेल, पण हे तोंड घेऊन मक्केला जायला माझंच मन होत नाही. इतकी वर्षं रजा साठवून धरलेली बसमधली जागा, एका अनोळखी माणसाला देऊन टाकली.

महादेव : म्हणजे पोलीस येणार नाहीत.

मुनव्वर : नाहीत. शर्ट खुंटीला लाव. पाजलीस तू, प्याला गोरा, आणि चुकतं केलं उस्मानभाईंनी.