विल्फच्या गाडीची हवेची नळी

हॅलो?… हां ऑलिव्ह, बोल… थांब गं, रेडिओ बारीक करते… हां, आता.

हो, हो, माहितीये. रविवारच्या स्कार्बरोच्या बसमधली जागा. बाराच्या आत सांगायचंय… अगं पण अजून साडेअकराच होतायत ना? जागा काय पळून चाललीये?… कोणाला? मिसेस थ्रॉपला? ती तर दरवर्षी टेकडीच्या वळणावर उलटी करते!… ते काही नाही. नऊ वर्षं तुझ्या शेजारी बसून समुद्र बघायला येतेय, आता अर्धा तास दम धर.

नवरा कुठे असणार? शेडमध्ये. गाडीखालून नुसते बूट दिसतायत… नाही, सुरू नाही झाली अजून… हसलीस. ऐकलं मी.

बुडाली? कोण म्हणालं बुडाली?… गावभर झालं म्हणजे. अगं ऐक ना, इंजिनाला हवा लागते की नाही? ती आत घ्यायची नळी या शहाण्यानं ठेवली पुढे, खाली, जाळीच्या मागे. का, तर म्हणे तिथे गार हवा मिळते. नऊ वर्षं एकेक भाग जोडून गाडी बांधली, आणि आपल्याच दारातल्या रस्त्यावरून ओढा वाहतो हे विसरला!… हो ना, जन्म गेला इथे! तपासणीवाल्यानं गाडी पास केली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. ओढ्यात शिरलो काय, नळीनं घेतला पाण्याचा घोट, आणि ठप्प! मधोमध! समोर पबच्या कट्ट्यावर सगळे ग्लास घेऊन बसलेले. टाळ्या वाजवल्या मेल्यांनी… आम्हीच ढकलली, मी आणि पोस्टमननं. नवे बूट होते माझे!

इंजिन वाचलं, नशीब… हो, तेच चाललंय. नळी वरून न्यायचीये. माझ्या व्हॅक्युमची नळी काढून नेलीन, इकडून वाकव, तिकडून वाकव… अगं खरी कापायच्या आधी असंच जमवून बघतात म्हणे. तीन दिवस गालिचाला झाडू नाही माझ्या.

पंचाईत काय, तर वरून नेली की बॉनेट लागत नाही… भोक? मीही तेच म्हटलं, भोक पाड. तर असा बघायला लागला, जसं काही मी मांजराचं शेपूट काप म्हटलं. मग उरली एकच जागा. माझ्या सीटसमोर, हीटरची.

हो गं, हीटरची. माझे गुडघे तुला ठाऊकच आहेत. पहिल्याच वर्षी बजावलं होतं, हीटर नसेल तर मी पाय ठेवणार नाही. काल म्हटलं, काढ बाबा हीटर, मी जाते ऑलिव्हबरोबर बसनं. चहा अर्धा ठेवून गेला शेडमध्ये… रुसला नाही. रुसला की शिट्टी वाजवतो.

मला वाईट वाटलं गं… खरं सांगू? मला जायचंय त्या गाडीतून. हो. नऊ वर्षं नाही नाही म्हणतेय, पण जायचंय. कुणाला बोलू नकोस… एक मिनिट, हाक मारतोय.

काय रे?… ऑलिव्हचा फोन आहे!… बोलावतोय. थांब, फोन घेऊनच जाते… आले, आले… अगंबाई! ऑलिव्ह, बॉनेट लागलं! आणि हीटर? हीटर तर इथेच आहे! मग नळी कुठून नेलीस रे?… तुझ्या बाजूनं?… ऑलिव्ह, ऐकतेयस? इंजिनाच्या मागून पलीकडे नेलीन, स्वतःच्या बाजूला. तिथे जागा नाही म्हणून पेडलं मागे घेतलीन… विल्फ, बस बघू आत. बस म्हणते ना!… अरे देवा. सव्वासहा फुटांचा माणूस, गुडघे पार स्टिअरिंगला टेकलेत! स्कार्बरोपर्यंत असा जाणार तू?… काय म्हणतोय माहितीये? माझ्या गुडघ्यांनी आजवर कधी तक्रार केली नाही, म्हणे.

रडत नाहीये मी… बरं, रडतेय. तुला काय करायचंय?

आत्ता? ओढ्यापर्यंत? अरे, सपाता आहेत पायात!… बसते, बसते, सरक… ठेवू नकोस गं फोन, भीती वाटते मला… ऐकू येतोय आवाज? सुरू झाली!… हो, सगळे बसलेत ना कट्ट्यावर… आता उतरतोय… पाणी आलं… हळू, विल्फ, हळू… ऑलिव्ह… ऑलिव्ह, आलो पलीकडे! आलो! वाजवा म्हणावं आता टाळ्या!

किती वाजले?… बाराला पाच ना? मग लिहून घे. माझी जागा मिसेस थ्रॉपला दे… हो, पक्कं… आणि तिला मधल्या वाटेच्या बाजूला बसव हं, खिडकी तू घे. टेकडीवर तुमची बस मागे टाकू, तेव्हा मला तुला हात करायचाय… चल, ठेवते. पाय शेकायला लागलेत.