पाच वाजता निघाला

वामनराव : मोबाईल खाली ठेव, निकेश. दहादा वाचून त्यातले शब्द बदलणार नाहीत.

निकेश : तुमी एकडाव वाचा जी सर. आवाजानं वाचा.

वामनराव : "वारलू पास्ड अवे टुडे मॉर्निंग फाइव्ह. व्हेरी सॉरी. सेंडिंग बाय व्हेइकल. इव्हनिंग सिक्स आरमोरी." हा वारलू तुमच्याच गावचा?

निकेश : माह्या घराच्या मागंच घर हाय त्याचं. दीड महिन्यापयले तेलंगणात मिरची तोडाले गेला होता. तिथच्या मालकाच्या पोरानं हा मेसेज पाठवला. त्याले मराठी येत नाई, आमाले तेलुगू. वारलूभाऊनं जाताना माहाच नंबर देऊन ठेवला होता. गावात इंग्रजी येनारा मीच ना.

वामनराव : आणि तू काय सांगितलंस?

निकेश : वारलूभाऊ पाचले निघाला म्हनून सांगतलं. गाडीनं येऊन राह्यला, सहाले आरमोरीत उतरते.

वामनराव : कोणाला सांगितलंस?

निकेश : त्याच्या बायकोले. मंगलीबाईले. माह्या ऑनलाइन फॉर्मच्या सेंटरवर त्या दिवशी रेशनकार्डाच्या केवायसीची गर्दी होती. पंधरा-वीस लोक. सगळ्याइसमोर सांगतलं, जोरानं.

वामनराव : उलट फोन करून विचारायचं होतं.

निकेश : केला होता. बंद लागला. मंग मले गरजच नाई वाटली. पास म्हनजे पुढं जाने, अवे म्हनजे दूर. दूर जाले निघाला. एकदम सरळ दिसलं.

वामनराव : अवे म्हणजे दूर. हे मीच फळ्यावर लिहून दिलं असेल.

निकेश : आठवीत. नियर म्हनजे जवळ, फार म्हनजे दूर, अवे म्हनजे दूर. पाच-पाचदा लिहाले लावलं होतं तुमी.

वामनराव : हं. वाक्यात घालून एकदाही दाखवलं नाही. गाईडात होतं तेवढं उतरवून दिलं. पोरं पास झाली की मला पुरे व्हायचं.

निकेश : मी तुमाले दोष द्याले नाई आलो जी.

वामनराव : ते कळतंय मला. पण माझ्या वाट्याचं मला घेऊ दे. संध्याकाळी काय झालं?

निकेश : बाईनं डोकं धुतलं. कोंबडा कापला. दिव्यानीले, त्याच्या पोरीले, अर्ध्या शाळेतून आनलं. आमी चौघं पाचलेच इथी आरमोरीच्या स्टँडवर येऊन उभे. अॅम्ब्युलन्स आली तं आमी बाजूले सरकलो, तिले जाले जागा देल्ली. ते आमच्यापाशीच थांबली. बाई ड्रायव्हरच्या बाजूच्या सीटकडे पाहून हसून राह्यली होती. तिले वाटलं, रस्त्यात दुसरी गाडी भेटली नसन, हिच्यातच बसून आला.

वामनराव : पुरे.

निकेश : ड्रायव्हरनं उतरून मागचं दार उघडलं, सर.

वामनराव : पुरे म्हटलं ना.

निकेश : नऊ दिवस झाले. मी सेंटर उघडलं नाई. मातीले गेलो तं सगळ्याइच्या मागं उभा राह्यलो. मले एकच सांगा. असा शब्द ठेवलाच काऊन त्याइनं? म्हनाचं दूर, अन् समजाचं मेला?

वामनराव : त्या कपाटातला जाडा शब्दकोश काढ. चष्मा पण दे. हे बघ. हजार वर्षांपूर्वी 'अवे' हा एक शब्द नव्हता, दोन होते. 'ऑन' आणि 'वे'. वाटेवर. वाटेला लागलेला. बोलता बोलता 'ऑन'चा नुसता 'अ' राहिला. वाटेला लागलेला माणूस हळूहळू दिसेनासा होतो, म्हणून मग त्याचा अर्थ झाला दूर. पुढे दिसेनासं होणाऱ्या सगळ्यालाच तो चिकटला. कापडाचा रंग उडतो, आवाज विरतो, तिथंही अवे. एके काळी तर लोक क्रियापदही लावत नसत, 'आय विल अवे' म्हटलं की झालं. मी निघतो.

निकेश : निघतो.

वामनराव : हो. आणि माणूस मेला हे तोंडातून निघत नाही, म्हणून पास्ड अवे. तेही काही शतकं जुनं आहे. आपणही म्हणतोच की, अमका गेला.

निकेश : म्हनतो ना. मी 'गेला' म्हनलं असतं तं बाईनं विचारलं असतं, कुठी गेला? मंग मीही थांबलो असतो. मी 'निघाला' म्हनलं. वरून गाडीचा टाईमही सांगतला.

वामनराव : पण मुळात पाहिलं तर तू चुकला नाहीस, निकेश. वाटेला लागला, हाच तर त्याचा...

निकेश : हजार वर्साआधीचं इंग्रजी घेऊन मंगलीबाईच्या दारात जाऊ का, सर?

वामनराव : नको. मी बोललो ते सोडून दे.

निकेश : अजून एक हाय. हे मी कोनालेच नाई सांगतलं. 'व्हेरी सॉरी'पाशी मी अडलो होतो. मनात आलं, हा सॉरी कायले म्हनून राह्यला? पन तवापर्यंत 'निघाला' तोंडातून निघून गेलं होतं. लोक पाहून राह्यले होते. मंग सांगून टाकलं का आधी पाठवता नाई आलं म्हनून सॉरी म्हनते.

वामनराव : म्हणजे तुला कळलं होतं?

निकेश : कळलं नव्हतं. डाऊट आला होता. तो मी गिळला. शब्द न येनं वेगळं, सर. हे वेगळं हाय.

वामनराव : मग हे माझ्याजवळ सांगून काय उपयोग?

निकेश : काईच नाई. तेच तं मले समजते.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, मंगलीच्या अंगणात.)

मंगली : उभा काऊन हायस? बस. दहा दिवस कुठी होतास?

निकेश : घरीच होतो बाई.

मंगली : लोकाइले चुकवाले मागच्या दारानं येनंजानं करून राह्यलास. इथून दिसते मले.

निकेश : मले तुमाले काई सांगाचं हाय. त्या मेसेजमधी सॉरी लिहलं होतं. म्हनजे माफ करा. ते वाचून माह्या मनात आलं होतं का काईतरी बरं नाई. तरी मी बोललो नाई. उशिरासाठी सॉरी म्हनते, हे मी मनानं सांगतलं.

मंगली : सकाळी नऊलेच तुह्या मनात आलं होतं?

निकेश : हो बाई.

मंगली : मंग काऊन नाई म्हनलास का मले हे समजून नाई राह्यलं?

निकेश : लाज वाटली.

मंगली : कोनाची?

निकेश : तिथं उभ्या होत्या त्या लोकाइची. इंग्लिश मास्तर म्हनतात ना मले.

मंगली : पोरीनं बापासाठी तंगडी काढून ठेवली होती. कोनाले हात लावू देल्ला नाई. दोन दिवस टोपल्याखाली तशीच होती, वास सुटला तरी. घरातल्या कोनाच्यानंच ते फेकवत नव्हती. मंग शेजारची आली, तिनं नेली.

निकेश : मले माफ नका करू बाई.

मंगली : मी कुठी केलं?

निकेश : जाऊ मी?

मंगली : कुठी जातेस? हा कागद घे. तिथच्या दवाखान्यातला हाय, गाडीवाल्यानं देल्ला. ग्रामसेवकानं पाहून साप चावला एवढंच सांगतलं. कागद एवढा भरून हाय अन् बोलनं दोन शब्दाचं. मले सगळं पाह्यजे.

निकेश : माह्याकडून?

मंगली : तुह्याकडून. येत नसन ते येत नाई म्हन.

निकेश : दवाखान्यात आनलं तवा पाच चाळीस झाले होते. अंगात जीव नव्हता. डाव्या पायाले, घोट्याच्या वर, सापाचे दात. हा पुढचा शब्द सापाच्या जातीचा दिसते, मले येत नाई.

मंगली : राहू दे. पुढं.

निकेश : रस्त्याच्या कडेले पडून होता. सोबतच्या लोकाइले पाच वाजता दिसला. मुक्कामापासून एक किलोमीटर...

मंगली : काऊन थांबलास?

निकेश : तोच शब्द हाय बाई. मेसेजमधला. पन इथी त्याचा अर्थ दूर. नुसता दूर. काल आरमोरीले सरांपाशी नीट पाहून आलो.

मंगली : किलोमीटरभर दूर? पाचच्याही आधी तिकडे कायले गेला असन?

निकेश : ते लिहलं नाई.

मंगली : दिव्यानीच्या वाढदिवसाले येतो म्हनला होता. दोनच दिवस उरले होते. घराकडेच येत असन, नाई?

निकेश : मले माहीत नाई बाई.

मंगली : तुले काय वाटते?

निकेश : कागदात नाई. मी मनानं नाई सांगत.

मंगली : बरं. पुढं वाच.