गार राख

(बैठकीची खोली. वडील जाऊन चार दिवस झालेत. फायरप्लेससमोर धुरांडी साफ करणारे काका आणि दोघं भावंडं.)

दादा : वर घरटं असणार. नाहीतर धूर खोलीत येईलच कसा?

काका : धूर असता तर खोकला येऊन बाबा जागे झाले असते. हा विषारी वायू, दादा. ना रंग, ना वास. माणूस झोपेतच जातो.

दादा : म्हणजे धुरांडं तुंबलेलंच होतं. महिन्यापूर्वी साफ केलंत म्हणे!

काका : आत्ता पार वरपर्यंत ब्रश घालून आलोय. निघाली ती एवढीशी काजळी. डबा समोर आहे, बघा.

दादा : डबा कुणीही दाखवेल. मी तक्रार देणार. तुमचा परवाना गेलाच म्हणून समजा.

काका : द्या. तीस वर्षांत पहिलीच असेल. पण आतली झडप कुणी लावली, तेवढं सांगा.

दादा : कसली झडप?

काका : ही, साखळी ओढली की लागते ती. मी आज आलो तेव्हा घट्ट लावलेली होती. वर जायची वाटच बंद.

दादा : बाबांनी लावली असेल.

ताई : बाबांचा हात खांद्याच्या वर जात नव्हता, दादा.

दादा : तू गप्प बस जरा.

ताई : चार दिवस गप्पच बसलेय. मी लावली, काका. आग विझली होती. राखेवर हात धरून बघितला, गार लागली. बाबा म्हणाले, "लाव गं ती, सगळी ऊब वर चाललीय."

काका : वरची राख गारच लागते, ताई. खाली निखारे सकाळपर्यंत धुमसत असतात. राख उकरून बघायची. आत एक ठिणगी असली तरी झडपेला हात लावायचा नाही.

ताई : हे मला कुणी सांगितलंच नाही.

काका : महिन्यापूर्वी साफ करायला आलो, तेव्हा तुम्ही घरात नव्हता. मी दादांना सांगून गेलो होतो. दोनदा.

ताई : दादा?

दादा : रोज तूच पेटवतेस. मला वाटलं, तुला ठाऊक असेल.

ताई : आणि तरी ह्यांचा परवाना घालवायला निघालास.

दादा : मग काय करू? आरशात बघवत नाही मला.

काका : मला अहवालात झडपेचं लिहावं लागेल. लावणाऱ्याचं नाव नाही लिहीत.

ताई : लिहा, काका. आई पलीकडच्या खोलीत होती. तिला वाटतंय, बाबांनी हाक मारली आणि ती झोपून राहिली. चार दिवस तेच घेऊन बसलीय. घास उतरत नाही तिच्या घशाखाली.

काका : हाक मारायला जाग यावी लागते. त्यांना ती आलीच नसणार.

ताई : मग तिला सगळंच सांगायला हवं. मी जाते.

दादा : थांब. आधी मला जाऊ दे.