बटण मात्र राखाडीच!

...आणि वर म्हणे, चूक गंगम्माची! अहो, तुम्हाला सांगतो, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मल्लप्पाण्णांचा टॉवेलचा कारखाना, तिथं वीस वर्षं पॅकिंग करणारी ही बाई. आता ऑर्डरी आल्या कॉम्प्युटरवर. पडद्यावर तक्ता, प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन बटणं, 'रवाना' आणि 'रद्द'. दोन्ही राखाडी, दोन्ही एवढीएवढीशी, दोन्ही 'र'नंच सुरू! माणूस चुकणार न्हाय तर काय? दाबलं गेलं रद्द, अन् वैरागच्या लग्नघरी आहेराचे टॉवेलच पोचले न्हाईत!

अण्णा कडाडले, "गंगम्मा, उद्यापास्नं येऊ नको!"

तशी ऑफिसातली सिद्धेश्वरी उठली. तक्ता तिनंच बनवलेला. "अण्णा, चूक अक्कांची न्हाय, माझ्या बटणांची हाय. आजचा दिवस द्या."

बसली. बटणांच्या रकान्याला हुकूम सोडला, हिरवा हो! झाला की... अख्खा रकाना हिरवागार, उसाचं रान जणू! बटण मात्र राखाडीच! अक्षर मोठं हो म्हटलं, तर वरचं शीर्षक फुगलं, रुसलेल्या व्याह्यासारखं... बटण मात्र राखाडीच!

मागं अण्णा उभेच. "अगं, दोन्ही लाल कर की! कारखान्याचा रंग हाय, एकसारखं शोभतंय."

"लाल फक्त रद्द होणार, अण्णा."

"मालक कोण हितं?"

"तुमी. पण बटण कोण दाबणार?"

अण्णांनी खुर्ची ओढली! आणि बटण? राखाडीच!

दुपारी तिच्या टाळक्यात उजेड पडला. अहो, रकाना म्हणजे खोली, बटण म्हणजे आत बसलेला माणूस. भिंत रंगवली म्हणून माणसाचा सदरा बदलतो व्हय? मग तिनं रकाना सोडला आणि थेट बटणालाच धरलं. रवाना हिरवं, चांगलं रुंद. रद्द लाल, लहान, रवानापास्नं चार बोटं दूर!

गंगम्माला बोलावलं. चष्मा घरी राहिलेला, तरी वीस ओळी, वीस बरोबर! "लई झ्याक दिसतंय की गं," म्हणाली आणि पदरानं डोळे पुसायला लागली. अण्णांनी घसा खाकरला, "उद्या येळेवर ये."

जिंकली की पोरगी! पण अण्णा गप्प बसतील तर शपथ. म्हणतात कसे, "सिद्धेश्वरी, एवढं जमतंय, तर बटणावर माझा फोटो बसव की."

ही शांतपणे म्हणाली, "बसवते. 'रद्द'वर चालेल?"

अण्णांनी वाकून ते लाल बटण न्याहाळलं...

"राहू दे," म्हणाले, "चहा सांग."