आधी कोण वाकणार

दुसरबीडच्या सप्ताहातलं कीर्तन गाठायला सुवर्णाताई चिखलीच्या स्टँडवर एसटीत चढल्या. मनात टाळ वाजत होते, पण कान लागले पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्या जोडप्याकडे.

“सीनियर ना, बाबा?” कंडक्टरनं कार्ड पाहत विचारलं.

“हाव. घरातही मीच सीनियर.”

“मंग तोंड पाडून काऊन बसले?” बायको म्हणाली.

“आज सप्ताहात विणा चंदूच्या गळ्यात हाये. सारे त्याच्या पाया पडतीन. मी बी पडू? धाकट्या भावाच्या?”

“विण्याच्या पाया पडा. भाऊजी नुसते मागं उभे हायेत.”

“लोक हासतीन वं.”

“भाऊजीनं माळ कधी घातली?”

“कॉलेजात असतानी.”

“अन् तुमी?”

“पेन्शन लागल्यावर.”

“मंग तिथं सीनियर कोन?”

उत्तर ऐकायला सुवर्णाताई पुढे सरकून बसल्या.

“अवो, तुमी वाकले का तेही वाकतेत तुमच्यापुढं. विणेकऱ्याची रीतच हाये ते,” बायकोच म्हणाली.

“अन् त्यानंच आधी वाकून घेतलं तं?”

“तं घेऊ द्या.”

“असं कसं घेऊ द्या? आधी मीच वाकीन. शेवटी सीनियर मीच ना!”