डाव्या हाताचा टाका

हलू नका, ताई, एवढंच म्हणतोय — तुम्ही हललात की टेप सरकते, आणि मग कोट अंगाला नीट बसला नाही की नाव माझं खराब. तर पिक्चरचं सांगत होतो. रविवारी आम्ही दोघं गेलो होतो, आमची ही म्हणाली जाऊ या, आजारपणाचा आहे, लोक फार रडतात म्हणे. मी म्हटलं रडायला तिकीट कशाला काढायचं, पण गेलो. तुम्हाला सांगितलंच असेल तिनं. नाही? नवल आहे. दर मंगळवारी दोघी वाचनालयात जाता, तीन-तीन तास बाहेर असता, आणि एवढं बोलणं नाही झालं — बरं, असू दे. खांदा साडेचौदा.

पिक्चर म्हणाल तर पोकळ. डॉक्टर औषध कमी देतो, भाषणं जास्त. दवाखान्याच्या खोलीला असे पडदे की हॉटेलवाल्यानं लाजावं. परदेशातला मुलगा बरोबर शेवटच्या पाच मिनिटांत दारात, केससुद्धा विस्कटलेले नाहीत. आणि खरी गंमत तर वेगळीच — तुम्हाला नाही कळायची, ती शिंप्यालाच कळणार — बाई सहा महिने आजारी, गाल बसलेत, मनगटं काड्या झालीत, आणि कपडे? अंगाला तंतोतंत. अहो, माणूस वाळलं की पहिल्यांदा खांद्याची शिवण दंडावर उतरते, गळा पुढे लोंबतो. इथे काही नाही. मी हिच्या कानात म्हटलं, हिचे कपडे दर आठवड्याला आत कोण घेतंय गं? आणि हसलो. ही नाही हसली.

पण ती नटी — तिला मानलं मी. घरच्यांपासून लपवत असते ना ती सगळं. एक प्रसंग आहे, नवरा जेवतोय, तिला टेबलावरून उठायचंय. तर ती आधी हसते. आधी हसते, मग टेबलाची कड धरते, मग उठते — म्हणजे नवऱ्याचं लक्ष हसण्याकडे आणि हात कडेवर. नवरा विचारतो, काय झालं? काही नाही, झोप झाली नाही नीट. बस, एवढंच. सगळं थिएटर मुसमुसतंय, मी हिच्याकडे बघितलं, तर ही कोरडी ठणठणीत. मी दुसऱ्या शिंप्याची शिवण उलटून बघतो ना, तशी बघत होती त्या बाईकडे. बाहेर आल्यावर काय म्हणाली माहितीय? म्हणाली, उठताना जरा घाई केली तिनं. आता मला सांगा, हिला कसं कळलं घाई केली ते?

संशय खोटा असेल, मीही म्हणतो. माझा स्वभावच तसा, आई म्हणायची याला दुधातही खडा दिसतो. पण दुसऱ्या दिवशी ही आंघोळीला गेली आणि मी कपाट उघडलं. बायकोचं कपाट उघडणं बरं नव्हे, माहीत आहे, तोंड वाकडं करू नका. तिचे सगळे ड्रेस मीच शिवलेत, एकेक शिवण तोंडपाठ आहे मला. आतून उलटे केले — सात ड्रेस, ताई, सातही दोन्ही बाजूंनी आत घेतलेले. हातानं. मशीनला हात लावला असता तर मला आवाज आला असता ना. आणि ही डावखुरी, तिचा टाका उलट्या बाजूला कलतो, दुनियेत लपायचा नाही. शिंप्याच्या घरात राहून शिंप्यापासून लपवून शिवण घातलीय. किती तास बसली असेल? कधी बसली असेल? मी खाली दुकानात लोकांची मापं घेत होतो तेव्हा?

आणि शिवण कच्ची होती हो. पूर्वी तिचा टाका असा बसायचा की मी ओढून बघितला तरी हलायचा नाही. आता दोरा सैल, मध्येच टाके सुटलेले, म्हणजे बोटांत जोर — तर मी पक्की केली. रोज एक, ती आंघोळीला गेली की. डाव्या हातानं केली, तिच्याचसारखी कलती, तिला कळू नये म्हणून. चार ड्रेस झाले, तीन राहिलेत. हे तुम्हाला सांगायचं नव्हतं मला. तिला बोलू नका.

कशाला मागे सरकताय? मी सरळ विचारतो, तुम्हीही सरळ सांगा. तीन मंगळवार पुस्तक तेच आहे तिच्या पिशवीत, खूण त्याच पानावर. गेल्या मंगळवारी दुकानाला कुलूप लावून आलो होतो मी तुमच्या मागे. हो, आलो होतो. वाचनालय मागे राहिलं, तुम्ही दवाखान्यात शिरलात, मी समोरच्या फुटपाथवर उभा होतो. उघड्या जिन्यावर तुम्ही तिची पिशवी घेतलीत, तिसऱ्या मजल्यावर गेलात. तिसऱ्या मजल्यावर काय असतं ते खाली पाटीवर लिहिलंय, आणि मला वाचता येतं. राग नाही तुमच्यावर. म्हणजे आहे — माझ्या जागी तुम्ही का, एवढाच आहे. तिनं शपथ घातली असेल तुम्हाला. मग आजार कुठला, कधीपासून, काही सांगू नका. एकच सांगा, ती बरी होणार ना? होणार म्हणाले ना ते?

ताई.

नुसती मान हलवलीत तरी चालेल.

नको. राहू दे, कळलं. बोलू नका — जिन्यावर पाऊल वाजतंय, खाली येतेय ती. एक पायरी, थांबली. बघा, आता हसून घेत असेल. — अगं ये ना, ताई निघाल्याच होत्या, मी त्यांना पिक्चरच्या गोष्टी सांगत बसलो होतो — डोळे पुसा, ताई, लवकर, तो आरसा आहे ना. ती आधी डोळेच बघते. हं. आता कोटाचं काहीतरी बोला माझ्याशी, आणि जा.