शेवटच्या शुक्रवारची बटणं

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या बटणांच्या कंपनीचे मालक माननीय देवेशसर, व्यासपीठावर गुच्छ सांभाळत बसलेल्या सत्कारमूर्ती अनुपमाताई, पहिल्या रांगेतले त्यांचे यजमान चंद्रप्रकाश भावोजी, पहिल्या रांगेत एसी लागतो म्हणून दुसऱ्या रांगेत जाऊन बसलेल्या त्यांच्या सासूबाई विमलाआजी, पॅकिंगपासून डिझाइनपर्यंतचे माझे सगळे सहकारी, आणि फक्त समोशासाठी थांबलेले इतर मान्यवर, आपणा सर्वांना रोशनी तांडेलचा सविनय नमस्कार.

इथपर्यंतचं मृणालिनीने लिहून दिलं होतं. समोशाचं सोडून. मृणालिनी डिझाइनला आहे, तिचं सगळं मापात असतं. पुढे तिने लिहिलंय, ‘अनुपमाताई म्हणजे एक तेवती समई.’ आता मला सांगा, जी बाई एकतीस वर्षं क्वालिटी चेकिंगच्या टेबलावर बसून आपल्या सगळ्यांची वाट लावत आली, जिने एका बटणाचं भोक जरा तिरकं आहे म्हणून अख्खी पेटी माझ्या अंगावर परत पाठवली, तिला मी समई म्हणू? माझी जीभ नाही वळणार. तो कागद मी ठेवून देते.

मघाशी ताईने स्वतः भाषण केलं. छान केलं. शेवटी ती म्हणाली, ‘इतकी वर्षं नोकरीपायी घराकडे दुर्लक्ष झालं. आता मी पूर्ण वेळ घराला देणार. आईंना पाण्याच्या ग्लासासाठीसुद्धा उठू देणार नाही.’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. देवेशसरांनी तर चष्मा काढून पुसला. पण मी इथून बघत होते. दुसऱ्या रांगेत एक बाई टाळ्या वाजवत नव्हत्या. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. त्या होत्या विमलाआजी.

का? ते सांगायलाच मी उभी आहे. मला दोन माणसांनी दोन गुपितं सांगितली आहेत, दोघांनीही शपथ घातली आहे, आणि मी दोन्ही शपथा आत्ता तुमच्यासमोर मोडणार आहे. आधीच माफी मागून ठेवते.

पहिलं गुपित. देवेशसर, जरा खुर्ची घट्ट धरा. आपल्या कंपनीत दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी स्टॉक-टेकिंग असतं, हे तुम्हाला माहीत आहे का? नाही ना? नसणारच, कारण ते नसतंच. बटणं काय कोणी एक-एक करून मोजतं? आपण ती काट्यावर वजन करतो, वीस मिनिटांत गोदाम संपतं. हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कांजूरमार्गला ताईच्या घरी ठाऊक नाही. तिथे गेली एकोणीस वर्षं अशी समजूत आहे की अंधेरीला एमआयडीसीत तीन बायका रात्री साडेनऊपर्यंत जमिनीवर मांडी घालून लाखो बटणं हाताने मोजतात. आजींनी एकदा फोनवर मलाच विचारलं होतं, ‘गो, एवढी बटणां लावतंत तरी खंय?’ मी म्हटलं, ‘आजी, एक्स्पोर्ट.’

त्या तीन बायका म्हणजे ताई, मृणालिनी आणि मी. आणि आम्ही जायचो जेवायला.

बस्स, एवढंच. हॉलमधल्या काही लोकांचे चेहरे बघून सांगते, दुसरं काही नाही. सात वाजता गेटबाहेर पडायचं, रिक्षा पकडायची आणि जिथे टेबल मिळेल तिथे बसायचं. अंधेरीतलं असं हॉटेल नाही की जिथल्या वेटरला ताईने ‘भाऊ, ही रोटी काठाला कच्ची आहे’ म्हणून परत पाठवलं नाही. चेकिंग डिपार्टमेंट सुटता सुटत नाही हो. ती मागवायची मश्रूम. दर वेळी मश्रूम. कारण घरी ते कुणी खात नाही, आणि एकटीसाठी काय करायचं, असं तिचं म्हणणं. पहिली गरम रोटी आली की मी आणि मृणालिनी तिच्या ताटात टाकायचो. पहिल्या महिन्यात ती ओशाळली, ‘अगं तुम्ही घ्या आधी.’ लग्नाला तेव्हा चौदा वर्षं झाली होती आणि या बाईने तव्यावरची पहिली पोळी कधी खाल्ली नव्हती. मला तेव्हा इतका राग आला होता ना! कुणाचा ते मलाच कळेना, म्हणून मी वेटरवर ओरडले.

तुम्ही विचाराल, खोटं बोलायची काय गरज? खरं आहे. माझ्या घरी मी खोटं बोलत नाही. माझ्या सासूबाई, सरूबाई, वेसाव्याच्या बाजारात मासळी विकतात. मी पहिल्यांदा सांगितलं की मैत्रिणींबरोबर हॉटेलात चाललेय, तर म्हणाल्या, ‘जा गो बाय. फक्त त्यांची सुरमय ताजी हाय का ती बघून ये.’ आणि परत आल्यावर मलाच तपासनिसासारखं विचारत बसल्या. पण ताईचा स्वभाव वेगळा. तिला कुणी नाही म्हटलं नव्हतं, तिने कधी विचारलंच नाही. आपल्याला मजा करायची आहे, हे घरी सांगायचीच तिला लाज वाटली. कामाला जाते म्हटलं की कसं, मान वर राहते. म्हणून बटणं.

आणि एकदा खोटं बोललं की ते सांभाळावं लागतं. लॉकडाऊनमध्ये कंपनी बंद, गोदामाला कुलूप, तरी शेवटच्या शुक्रवारी ही बाई घरी म्हणाली, ‘आज ऑनलाइन स्टॉक-टेकिंग आहे.’ गॅलरीत दार ओढून बसली, आम्ही तिघी व्हिडिओ कॉलवर, तिघींच्या हातात मॅगीचे बाऊल. मध्येच भावोजी डोकावले तर ही मोठ्याने म्हणते, ‘चार हजार दोनशे बारा, चार हजार दोनशे तेरा…’ भावोजींनी हळूच दार लावून घेतलं. कमाल बाई आहे!

असो. तर गेल्या महिन्यात मी हात धुवायला गेले, तर बेसिनपाशी ताई रडत होती. मला वाटलं, नोकरी सुटतेय म्हणून. तसं काही नव्हतं. म्हणाली, ‘रोशनी, मी रिटायर झाले की घरी काय सांगू गं? रिटायर झालेली बाई कसलं स्टॉक-टेकिंग करणार? माझा शुक्रवार गेला.’ अठ्ठावन्न वर्षांची बाई, आणि शाळेतल्या पोरीसारखी हुंदके देत होती. मी म्हटलं, सांग की सरळ. तर म्हणे, ‘एकोणीस वर्षांनी? आईंना काय वाटेल? मी त्यांना खिचडी ठेवून हॉटेलात जात होते!’ आणि शपथ घातली, कुणाला बोलायचं नाही.

ताई, डोळे वटारू नकोस. अजून निम्मंच झालंय.

आता दुसरं गुपित, आणि हे ताज्यातलं ताजं आहे. आज कार्यक्रमाच्या आधी चहाच्या टेबलापाशी विमलाआजींनी माझा हात धरला आणि मला खांबाआड नेलं. म्हणाल्या, ‘रोशनी गो, तिचा ह्या बटणांचा काम आता बंद जातला काय?’ मी म्हटलं, हो आजी, आता सुटली ती. तर आजींच्या डोळ्यांत पाणी! म्हणाल्या, ‘ती आता रोज घराकच रवतली. मगे मी रांधू कधी?’

मला काही कळेना. मग त्यांनी सगळं सांगितलं. चौदा वर्षांपूर्वी आजींच्या पदराने गॅसवर पेट घेतला होता. भाजलं थोडंसंच, पण ताई इतकी घाबरली की त्या दिवसापासून आजींना स्वयंपाकघर बंद. पहाटे उठून दोन्ही वेळचं करून ठेवायची आणि मगच लिंक रोडची बस पकडायची. प्रेमापोटीच हो. पण ज्या बाईने गिरणीतल्या नवऱ्याचे आणि त्याच्या चार भावांचे डबे भरण्यात उमर काढली, तिच्या हातातून उलथनं गेलं. आणि मिळायला काय लागलं? बिनमिठाची, बिनखोबऱ्याची मुगाची खिचडी.

म्हणून शेवटच्या शुक्रवारी, सून बटणं मोजायला गेली की आजी पदर खोचायच्या. भावोजी बाजारातून बांगडे आणायचे, खोबरं खवून द्यायचे, आणि बादलीतला ओला टॉवेल पिळून आईच्या मागे उभे राहायचे. हो हो, भावोजी, मान खाली घालू नका. चौदा वर्षं हा माणूस ओला टॉवेल घेऊन गॅसपाशी पहारा देतोय! आणि आजी करायच्या तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं. मग दोघं मायलेक जेवायचे, खिडक्या उघडायचे, अगरबत्त्या लावायचे. ताईची खिचडी फ्रीजमध्ये मागच्या बाजूला. ताई घरी यायची ती स्वतःच तंदुरीचा वास घेऊन, तिला काय बांगडा कळणार? ती सांगायची, ‘मला भूक नाही, ऑफिसात चहा-बिस्किटं झाली.’ हे सांगायचे, ‘आम्ही तुझी खिचडी खाल्ली.’ आणि तिघं तीन कोपऱ्यांत ढेकर देत झोपायचे.

आणि ताई, तुला वाटतं त्यांना माहीत नव्हतं? अकरा वर्षांपूर्वी एका शुक्रवारी भावोजींना फार वाईट वाटलं. आपण इथे बांगडा खातोय आणि बायको तिकडे उपाशी मोजतेय. ते तुझी खिचडी डब्यात भरून, बसने, इथे कंपनीच्या गेटवर आले. आपले वॉचमन श्यामसुंदर, आम्हीच पढवलेले ना तुम्ही! म्हणाले, ‘मॅडमना उठवता येणार नाही, आकडा चुकतो. द्या, मी पोचवतो.’ पंधरा मिनिटांत डबा रिकामा, आणि घासून पुसून लख्ख. श्यामसुंदर, तुम्हाला ढेकरही नाही आला? परतीच्या बसमध्ये भावोजींनी विचार केला, माझी बायको पंधरा मिनिटांत जेवून, डबा घासून, परत मोजायला बसली? आणि तेही अख्ख्या कंपनीत अंधार असताना?

घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं. आजी काय म्हणाल्या, ऐक. ‘गप रव. विचारू नको. खंय तरी जावन हसान येता ना? येवंदे. विचारलंस तर ती जावचा बंद करीत. मगे बांगडे खंय खातलस?’

ताई, अकरा वर्षं तुला तुझ्याच सासूने सांभाळून घेतलंय. तू लपवत होतीस त्यांच्यापासून, आणि त्या लपवत होत्या तुझ्यासाठी. थोडं बांगड्यासाठीही, पण ते चालतं. लॉकडाऊनचं विचारलं तर म्हणाल्या, ‘ती घरात बसान होती ता दीड वर्ष, मी अर्धी झालंय गो.’ आणि आज तू इथे उभी राहून सांगतेस की त्यांना पाण्याच्या ग्लासासाठीसुद्धा उठू देणार नाहीस! अगं, त्यांना ग्लास नकोय. त्यांना गॅस हवाय.

रडतेस काय? बघ, पावडर चालली खाली. मलाही रडायला येतंय, पण मी मेकअप केलेला नाही, मला परवडतं.

माझं म्हणणं एवढंच. तुम्ही दोघी एकमेकींवर इतकी माया करता की एकमेकींना जरासुद्धा हलू देत नाही. पुरे आता. दोघींनी सुट्टी घ्या. महिन्यातून एकदा, उघडपणे, कुठलंही काम न सांगता.

माझ्या बोलण्यात मर्यादा सुटली असेल, ती सुटलीच आहे, तर मोठ्या मनाने पोटात घाला. देवेशसर, कंपनीच्या नावाचा वापर झाला, बटण एकही हललेलं नाही. मृणालिनी, तुझं उरलेलं भाषण मी वाचलं नाही, रागावू नकोस. भावोजी, तुमची लाज काढली, तुम्ही चांगले आहात म्हणूनच काढली. आपण सर्वांनी समोसे थंड होऊनही ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार.

थांबा, आजी हात वर करतायत. माइक द्या रे त्यांना. नाही, उठतायत स्वतःच. ताई, धरू नकोस त्यांना, येऊ दे. बोला आजी, इथे बोला, सगळ्यांना ऐकू जाऊ दे.

‘सूनबाय, तू शुक्रवारी जा. आणि लवकर येव नको.’